धूळ, दाब आणि दरवाजा

रायगड जिल्ह्यातील माणगाव हे गाव प्रवाशाच्या स्मरणात राहते ते बहुधा दोन कारणांनी: पावसाळ्यात ताम्हिणीच्या बाजूने येणाऱ्या धो-धो पावसामुळे, आणि पाऊस सरल्यावर मुंबई-गोवा हमरस्त्यावर उडणाऱ्या धुळीमुळे. पनवेल ते इंदापूर या टप्प्याच्या चौपदरीकरणाचे काम २०११ साली हाती घेतले गेले तेव्हापासून ही धूळ तालुक्याची जणू कायमची रहिवासी होऊन बसली आहे, आणि तिच्याविरुद्ध सरकारदरबारी आजवर किती अर्ज पडले असतील त्याची गणती न केलेलीच बरी. परंतु याच तालुक्यात, माणगावाहून ताम्हिणीमार्गे पुण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, विळे-भागाडच्या औद्योगिक क्षेत्रात काही खोल्या अशा आहेत, की ज्यांना खिडकी नाही, ज्यांचे दार क्षणापेक्षा अधिक काळ उघडे ठेवण्याची कोणालाही मुभा नाही, आणि ज्यांच्यात धुळीचा कण शिरू नये म्हणून अहोरात्र यंत्रांकरवी बंदोबस्त ठेवलेला असतो. या खोल्यांत न सोने असते न दप्तर. असतात ती लोखंडी कपाटे, आणि त्यांत बसविलेली विद्युत् व इलेक्ट्रॉनिक सामग्री.

विळे-भागाडचा पॉस्को महाराष्ट्र स्टील हा कोरियन कंपनीचा कारखाना मोटारगाड्यांसाठी लागणारा पोलादी पत्रा तयार करतो. जस्ताचा मुलामा देणारी साडेचार लाख टनांची शाखा येथे २०१२ साली उभी राहिली आणि १८ लाख टनांची कोल्ड रोलिंग मिल २०१५ च्या आरंभी रीतसर सुरू झाली. अशा कारखान्याचे काम थोडक्यात सांगायचे तर असे, की तापवून लाटलेल्या काही मिलिमीटर जाडीच्या पत्र्याची गुंडाळी, म्हणजे कामगारांच्या भाषेतली कॉइल, प्रथम हायड्रोक्लोरिक आम्लातून नेऊन तिच्या अंगावरचे स्केल, म्हणजे ऑक्साइडचे कवच, उतरवायचे. मग तेल-पाण्याच्या मिश्रणाच्या फवाऱ्याखाली तिला थंड अवस्थेतच प्रचंड दाबाने लाटून मिलिमीटरभर किंवा त्याहूनही पातळ करायचे. नंतर भट्टीत तापवून मऊ करायचे. आणि शेवटी सुमारे ४६० अंश सेल्सिअस उष्णतेच्या वितळलेल्या जस्तात बुडवून, वर येताना वायूच्या धारदार झोताने जादा जस्त पुसून काढायचे. यांतील प्रत्येक पायरी आपापली निराळी धूळ निर्माण करते. स्केल फुटताना लोहाची बारीक पूड उडते, रोलिंगच्या जागी तेलाचे अदृश्य तुषार तरंगतात, आम्लाच्या टाक्यांवरून तिखट वाफ निघते, जस्ताच्या कुंडाभोवती राखाडी भुकटी साचते, आणि वापरलेले आम्ल पुन्हा शुद्ध करण्याच्या शाखेत तर लोह ऑक्साइडची लालभडक पूड पोत्यांनी जमा होते. ही लाल पूड फेराइट नावाचे चुंबकीय पदार्थ करण्यासाठी विकली जाते, आणि ते फेराइट पुढे इलेक्ट्रॉनिक उपकरणांतच वापरले जातात. म्हणजे जी वस्तू खोलीबाहेर शत्रू म्हणून अडविली जाते तीच रूपांतर पावून आत सन्मानाने बसलेली असते.

पूर्वीच्या कारखानदारीला ही चिंता एवढ्या प्रमाणात नव्हती. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोठमोठ्या कारखान्यांतील नियंत्रणाचे पुष्कळसे काम दाबलेल्या हवेवर चाले. ३ ते १५ पौंड प्रतिचौरस इंच एवढ्या दाबाची हवा नळीतून पाठवायची आणि त्या दाबाच्या चढउताराने झडपा उघडायच्या वा मिटायच्या, अशी ती तजवीज होती. आणि जाड तारांचे रिले नि हाताएवढे स्विच हे थोड्याफार धुळीला दाद देत नसत. १९६९ च्या सुमारास अमेरिकेत मोटारनिर्मितीसाठी पहिला प्रोग्रॅम करता येणारा नियंत्रक, म्हणजे ज्याला आज कोणताही फिटर पीएलसी म्हणतो तो, कामाला लागला. मागोमाग मोटारींचा वेग सांभाळणारे, थायरिस्टरवर चालणारे ड्राईव्ह आले, आणि पुढे ट्रान्झिस्टरवर चालणारे. यंत्राची बुद्धी जसजशी लहान होत गेली तसतशी तिच्या अंगावरच्या तारांमधली अंतरे आकुंचित होत गेली, आणि आज एका चिपच्या दोन पायांमध्ये अर्धा मिलिमीटरही अंतर नसते. एवढ्या फटीत लोहाचा, कोकचा किंवा मोटारीच्या कार्बन ब्रशचा चार कणांचा पूल पडला, की जिथे विद्युत्प्रवाह जाऊ नये तिथे तो जाऊ लागतो, आणि शेकडो टनांची लाटणयंत्रे कोणाच्याही हुकुमाशिवाय थांबतात.

धुळीचा दुसरा अपाय कमी नाट्यमय पण अधिक सार्वत्रिक आहे. हजार किलोवॅटच्या ड्राईव्हमध्ये दोन-तीन टक्के शक्ती तरी उष्णतेच्या रूपाने वाया जाते, म्हणजे एका कपाटातून वीस-तीस किलोवॅट उष्णता सतत बाहेर काढावी लागते. ती काढण्यासाठी धातूच्या पातळ पाकळ्यांवरून पंख्याने हवा वाहवतात. त्या पाकळ्यांवर तेलाने चिकट झालेल्या धुळीचा थर बसला की हवा अडते आणि आतील तापमान चढते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या बाबतीत अभियंत्यांचा ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी वाढले तर आयुष्य निम्म्यावर येते. धुळीने मेलेल्या उपकरणाच्या दाखल्यावर म्हणूनच धुळीचे नाव क्वचितच लागते. तेथे ‘अतितापमान’ असे लिहिलेले असते, आणि नवा सुटा भाग मागवून प्रकरण मिटविले जाते.

तिसरा अपाय मात्र खास आपल्या किनाऱ्याचा. पावसाळ्यात कोकणातल्या घरोघरी बरणीतले मीठ पाझरू लागते हे कोणत्याही गृहिणीला ठाऊक आहे. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधे मीठ हवेतलेच पाणी ओढून विरघळते, आणि रायगडात आषाढ-श्रावणात ही मर्यादा दिवसेंदिवस ओलांडलेली असते. समुद्राच्या वाऱ्याबरोबर येणारे क्षारकण सर्किट बोर्डावर बसले म्हणजे तेथेही हेच घडते, आणि बरणीत जे निरुपद्रवी ते तांब्याच्या रेषांवर क्षरणाचे द्रावण ठरते. कोणी म्हणेल की वातानुकूलित खोलीत आर्द्रता पन्नास टक्क्यांवर आणून ठेवली म्हणजे झाले. परंतु समुद्रक्षारात केवळ खाण्याचे मीठ नसते; त्यात मॅग्नेशियम क्लोराइडही असते, आणि ते अवघ्या ३३ टक्के आर्द्रतेलाच पाझरू लागते. त्यामुळे खोली कितीही कोरडी भासली तरी त्या कणांपुरती ओल टिकूनच राहते. कुंडलिकेच्या मुखाशी असलेल्या साळावच्या स्पंज लोखंडाच्या कारखान्याला, धरमतर खाडीकाठच्या डोलवीच्या पोलाद कारखान्याला, किंवा अलिबागजवळच्या थळच्या खत कारखान्याला हा क्षार शेजारीच आहे. माणगाव त्या मानाने आत असले तरी नैऋत्येचा वारा तालुक्याची हद्द पाहून थबकत नाही.

तेव्हा धूळ अडवायची ती कशी? सामान्य माणसाचे पहिले उत्तर झाडू हे असते, आणि ते येथे सर्वस्वी चुकीचे आहे. पाण्याइतक्या घनतेचा दहा मायक्रॉन व्यासाचा कण स्थिर हवेत सेकंदाला सुमारे ३ मिलिमीटर या वेगाने खाली येतो. म्हणजे तीन मीटर उंचीच्या छतापासून जमिनीपर्यंत त्याला सोळा-सतरा मिनिटे लागतात. परंतु एक मायक्रॉनच्या कणाचा वेग याच्या सुमारे ऐंशी-नव्वदाव्या हिश्शाचा असतो, आणि तेच अंतर उतरायला त्याला अख्खा दिवस लागतो. झाडूने जी धूळ उडते तिच्यातील जाड कण पुन्हा जमिनीवर येतात, पण बारीक कण दिवसभर तरंगत राहून पंख्यांच्या ओढीने नेमके कपाटांत जातात. याहूनही घातक प्रकार म्हणजे दाबलेल्या हवेच्या नळीने पॅनेल ‘उडवून’ साफ करणे. बाहेरचे दिसणारे मळाचे थर त्याने उडतात म्हणून काम झाल्याचे समाधान मिळते, परंतु कॉम्प्रेसरच्या हवेतील तेल आणि पाणी यांच्यासह तीच धूळ जोडण्यांच्या फटींत खोलवर ठासली जाते. बारीक गाळणीचा व्हॅक्यूम क्लीनर आणि मऊ कुंचला एवढीच साधने या खोलीत शोभतात.

दुसरे उत्तर गाळणीचे, आणि ते अर्धे बरोबर आहे. गाळणीचे कार्य लोक समजतात तसे चाळणीसारखे नसते. तिच्या तंतूंमधली अंतरे बहुतेक कणांहून पुष्कळ मोठी असतात. जड कण हवेबरोबर वळण घेऊ शकत नाहीत म्हणून तंतूवर आदळतात, मध्यम कण तंतूच्या अंगाला घासून चिकटतात, आणि अतिसूक्ष्म कण हवेच्या रेणूंचे धक्के खात इतके भरकटत जातात की कुठेतरी तंतूला लागल्याशिवाय राहत नाहीत. या तिन्ही युक्त्या सुमारे ०.३ मायक्रॉन आकाराच्या कणांवर सर्वांत दुबळ्या पडतात. म्हणूनच दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अणुबाँबच्या प्रकल्पासाठी सिद्ध झालेल्या हेपा गाळणीची परीक्षा त्याच आकारावर घेतात, आणि ९९.९७ टक्के कण अडविले तरच ती उत्तीर्ण ठरते. कारखान्याच्या नियंत्रणकक्षाला प्रत्येक वेळी एवढ्या कडक गाळणीची गरज असते असे नाही. जाड कणांसाठी पुढे एक स्वस्त प्री-फिल्टर, मागे पिशव्यांची बारीक गाळणी, आणि हवा मळलेल्या अंगणातून न घेता शक्य तितक्या उंचावरून घेणे, एवढ्यावर पुष्कळ काम भागते. गंमतीची गोष्ट अशी की मळलेली गाळणी नव्या गाळणीपेक्षा कण चांगले पकडते. परंतु तिच्यातून हवा कमी येते, आणि हवा कमी आली की खोलीचा खरा बंदोबस्तच ढासळतो.

हा खरा बंदोबस्त दाबाचा आहे. कोणतीही इमारत पूर्णपणे हवाबंद करता येत नाही. दाराची फट, केबलचे भोक, छताचा सांधा यांतून हवा जाणारच. प्रश्न एवढाच की ती आत येणार की बाहेर जाणार. खोलीत गाळलेली ताजी हवा ब्लोअरने सतत थोडी अधिक कोंबली, तर आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित चढता राहतो आणि प्रत्येक फटीतून स्वच्छ हवा बाहेरच पडत राहते. हा ‘किंचित’ किती, हे पाहण्यासारखे आहे. सामान्यतः २५ ते ५० पास्कल एवढा फरक ठेवतात; २५ पास्कल म्हणजे पाण्याचा अवघा अडीच मिलिमीटर उंचीचा स्तंभ, वातावरणाच्या एकंदर दाबाचा सुमारे चार हजारावा भाग. कानाला तो जाणवतही नाही. तरी दोन चौरस मीटरच्या दारावर तो पाच किलो वजनाएवढा रेटा देतो, आणि फटीतून बाहेर पडणाऱ्या हवेला सेकंदाला सुमारे साडेसहा मीटरचा, म्हणजे ताशी २३ किलोमीटरचा वेग देतो. या झोताच्या विरुद्ध पोहून आत येणे धुळीच्या कणाला साधत नाही.

मात्र याच आकड्यात त्याची मर्यादाही आहे. ताशी २३ किलोमीटरचा वारा भिंतीवर आदळला तर तो बाहेरून तेवढाच दाब देतो, आणि वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेला होता. ताशी ११० किलोमीटरचा वारा हिशेबाने साडेपाचशे पास्कलांहून अधिक दाब देतो, आणि त्यापुढे आतल्या पंचवीस-पन्नासाची मातब्बरी ती काय? म्हणूनच अशा खोल्या शहाण्या आराखड्यात इमारतीच्या बाहेरच्या भिंतीला लावीत नाहीत, त्यांना खिडक्या ठेवीत नाहीत, आणि प्रवेशाला एकामागे एक अशी दोन दारे व मध्ये लहानशी मोकळी जागा ठेवतात, म्हणजे एक दार मिटल्याविना दुसरे उघडू नये. त्या वादळानंतर माणगाव, म्हसळे, श्रीवर्धन या भागांत कित्येक गावांना दीर्घकाळ वीज नव्हती, आणि त्यातून दुसराही धडा निघतो: वीज गेली की ब्लोअर थांबतो, ब्लोअर थांबला की दाब शून्यावर येतो, आणि बंद पडलेल्या थंड खोलीत बाहेरची दमट हवा शिरू लागते. जूनच्या २७ अंश उष्णतेच्या आणि ९० टक्के आर्द्रतेच्या हवेचे दवबिंदू-तापमान सुमारे २५ अंश असते. तेव्हा २२ अंशांवर थंड झालेल्या पॅनेलला अशी हवा लागली, की त्यावर पाणी सुटते. जनरेटरवर दिवे आणि पंप चालवून ब्लोअर विसरण्याची चाल म्हणूनच परवडणारी नाही.

येथे एक शंका रास्त ठरते. कपाटेच पूर्ण बंद का करू नयेत? आवरणांच्या संरक्षणाची प्रतवारी ठरविणाऱ्या आय.ई.सी. ६०५२९ या मानकात पहिला आकडा घन पदार्थांविषयीचा असतो, आणि ६ हा आकडा मिळविणाऱ्या कपाटात धूळ मुळीच शिरत नाही. उघड्या शेडमधल्या लहान पेट्यांना हाच उपाय योग्य. परंतु वर सांगितलेली वीस-तीस किलोवॅट उष्णता पूर्ण बंद कपाटातून काढणे हे खर्चाचे आणि कटकटीचे काम आहे. अशी कपाटे ओळीने उभी करायची झाली तर एकेका कपाटापेक्षा सगळी खोलीच शुद्ध राखणे स्वस्त पडते.

आता जेथे हे सारे शास्त्र फसते त्या जागेकडे वळू, आणि ती जागा बहुधा जमिनीखाली असते. खोलीत शेकडो केबली शिरतात त्या केबल ट्रेंचमधून किंवा तळघरातून. बांधकामाच्या वेळी त्यांची भोके नियमाप्रमाणे बुजविलेली असतात. पुढे दर शटडाऊनला कोणीतरी एक नवी केबल ओढतो, बुजवण फोडतो, आणि काम घाईचे असल्याने भोक तसेच राहते. दाराखालची एक मीटर लांब आणि एक सेंटिमीटर उंच फट २५ पास्कलांना ताशी सुमारे १४० घनमीटर हवा खाते. तळहाताएवढी दोन उघडी भोके तेवढेच खातात. अशी पाच-सहा झाली की ब्लोअरची सारी मेहनत ट्रेंचमध्ये जिरते, दाब नाहीसा होतो, आणि त्याच वाटेने धूळ, ओल आणि कोकणातले उंदीर वर येतात. केबलभोवती घट्ट बसणारे रबरी ठोकळे किंवा अग्निरोधक लेप यांनी भोक त्याच दिवशी बुजविल्याविना कामाचा परवाना बंद करू नये, असा दंडक काही ठिकाणी असतो; तो सर्वत्र असावा.

गाळणी आणि दाब यांना न जुमानणारा आणखी एक पाहुणा आहे तो वायूंचा, कारण वायू गाळणीच्या तंतूंतून सहज निघून जातात. आम्लाची वाफ, रसायनी कारखान्यांतील क्लोरीन, खाडीच्या काळ्या चिखलातून येणारा हायड्रोजन सल्फाइड हे तांबे आणि चांदी दोन्ही खातात. युरोपने १ जुलै २००६ पासून शिसेयुक्त डाख वर्ज्य केला, तेव्हापासून पुष्कळ बोर्डांवर चांदीचा पातळ थर येऊ लागला आणि गंधकाला नवे भक्ष्य मिळाले. उपाय म्हणून हवा नारळाच्या करवंटीपासून केलेल्या सक्रिय कोळशावरून, किंवा पोटॅशियम परमँगनेट शोषविलेल्या ॲल्युमिनाच्या गोळ्यांवरून नेतात. खोली सुरक्षित आहे की नाही हे तपासण्याची रीत साधी आणि सुरेख आहे: तांब्याची व चांदीची स्वच्छ पट्टी महिनाभर खोलीत टांगायची आणि तिच्यावर चढलेला गंजाचा थर मोजायचा. १९८५ साली प्रथम निघालेल्या आणि २०१३ साली सुधारलेल्या आय.एस.ए. ७१.०४ या अमेरिकन मानकाप्रमाणे तांब्यावर महिन्याला ३०० अँगस्ट्रॉमहून कमी, म्हणजे मिलिमीटरच्या एक लाखांश भागाच्या तिपटीहून कमी थर चढला तर खोली पहिल्या वर्गाची.

खोलीच्या आतच जन्मणारी धूळही असते. संगणककक्षांतील उचलता येणाऱ्या फरशांच्या तळाला विद्युत् पद्धतीने जस्ताचा मुलामा दिलेला असेल, तर कालांतराने त्यावर जस्ताचे केसाहून कितीतरी बारीक, दोन-तीन मिलिमीटर लांबीचे तंतू उगवतात. फरशी हलविली की ते तुटून हवेत येतात आणि सर्किटवर पडले की प्रवाहाला भलती वाट करून देतात. वितळलेल्या जस्तात बुडवून मुलामा दिलेल्या धातूवर हा उपद्रव सहसा दिसत नाही.

माणगाव तालुक्यातच लोणेरे येथे १९८९ साली स्थापन झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, आणि महाड, रोहे, विळे येथील कारखान्यांत कामाला जाणारी तरुण मंडळी याच परिसरातून शिकून निघतात. त्यांना आणि लहान कारखान्यांच्या चालकांना एकच विनंती. भिंतीवरचा साधा एसी खोलीतीलच हवा फिरवून थंड करतो. तो बाहेरची हवा आत घेत नाही, म्हणून दाब निर्माण करीत नाही. तेव्हा आणखी एक एसी विकत घेण्यापूर्वी केबलची भोके मोजून बुजवा, गाळणीसह एक लहान ब्लोअर बसवा, आणि दाराशी दाबातला फरक दाखवणारा मापक लावून प्रत्येक शिफ्टच्या आरंभी त्याचा आकडा वहीत लिहीत जा.